बिनलोखंडी नाना

"लोखंड काढा."

नाना माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. जळगावहून एसटीत आदळत मी धुळ्याला आलो होतो, तिथून माळरानावर भर उन्हात चालत आलो होतो, आणि हा किडकिडीत माणूस दोन्ही हात आडवे करून वाटेत उभा. किल्ल्या, कमरेचा पट्टा, घड्याळ, नेलकटर, शर्टाला लावलेली सेफ्टी पिन, सगळं त्यांनी एका लाकडी खोक्यात ठेवून घेतलं. मग माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "बुटांना खिळे असतील. तेही इथेच." एका हाताने पँट धरून, अनवाणी पायांनी चटके सोसत मी त्यांच्या झोपडीत शिरलो. ऑफिसात परतल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, धुळ्याला खात्याने एक वेडा बसवलाय. सगळे हसले. साहेब सगळ्यांत जास्त हसले. तो शब्द मी वापरला, तोही साहेबांना हसवायला, याची आठवण झाली की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं होती. आमचं खातं जमिनीखालच्या दगडांचं आणि मी त्यातला ड्राफ्ट्समन, म्हणजे दुसऱ्यांनी मोजलेलं शाईने कागदावर उतरवणारा. त्या हंगामात खानदेशावरून एक छोटं विमान उडत होतं. सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे सरळ यायचं, थोडं सरकून पुन्हा सरळ उत्तरेला जायचं. शेत नांगरावं तसं आकाश नांगरत होतं. त्याच्या शेपटीत चुंबकत्व मोजणारं यंत्र होतं. आपल्याकडचा काळा दगड कुठे जास्त चुंबकी, कुठे कमी. त्या आकड्यांवरून वरच्या मातीखाली काय दडलंय ते कळतं. पण पृथ्वीचं चुंबकत्व स्वतःही दिवसभर थोडं वरखाली होत असतं. म्हणून तसंच एक यंत्र जमिनीवर एका जागी ठेवतात. त्याला काम एवढंच, दिवसभरातला तो चढउतार कागदी पट्टीवर उमटवणं. मग विमानाच्या आकड्यांतून तो वजा करायचा. जमिनीवरच्या त्या यंत्राजवळ बसणारा माणूस म्हणजे नाना.

"आकाशातला माणूस जमिनीवरच्या माणसाच्या भरवशावर असतो," असं ते म्हणत. वैमानिकासमोर तर मुद्दाम म्हणत. तो बिचारा मान डोलवायचा.

यंत्राच्या आसपास लोखंड आलं की आकडा बिघडतो, हा नियम. खात्यात सगळ्यांना ठाऊक होता, पाळत एकटे नाना होते. त्यांच्या अंगावर लोखंडाचा कण नसे. पायजम्याला नाडी, सदऱ्याला लाकडी गुंड्या, डबा पितळेचा. चपला पाचोऱ्याच्या एका चांभाराकडून, खिळा न मारता नुसत्या शिवलेल्या. पाचोऱ्याजवळचं एक खेडं त्यांचं मूळ गाव, त्यामुळे तो चांभार त्यांच्या लहानपणचा दोस्त होता आणि दर वेळी शिव्या देत चपला शिवायचा. चष्म्याची दांडी मोडली होती, तिथे दोरा होता. पावसात छत्री नाही, कारण काड्या लोखंडाच्या. घोंगडी पांघरून बसत. झोपडीसुद्धा बांबू आणि सुतळीची, खिळा नाही, तार नाही. आत बुद्धाचं एक चित्र होतं, तेही खळीने चिकटवलेलं. चित्र उन्हाने सुटलं की दर वेळी नव्याने खळ लावत, पण खिळा मारला नाही.

बैलगाड्यांशी त्यांचं रोजचं भांडण. चाकांना लोखंडी धाव, बैलांच्या खुरांना नाल. दोनशे पावलांवर उभे राहून ते गाडी थांबवत आणि बाजूच्या नाल्यातून वळसा घालायला लावत. एकदा एक शेतकरी चिडला. "नाना, गाडीले का पंख लाऊ आते?" नानांनी त्याला शांतपणे झोपडीत नेलं. आधी अर्थातच विळा बाहेर ठेवायला लावला. यंत्राचं पेन दाखवलं, पट्टी दाखवली, तुझी गाडी आली तर हे पेन कसं उडी मारतं ते हाताने करून दाखवलं, आणि म्हणाले, "हे तुझ्याच जमिनीचं माप आहे. तुझ्याच गाडीने बिघडलं तर कोणाचं नुकसान?" दुसऱ्या दिवसापासून तो माणूस स्वतःच बाकीच्या गाड्या अडवू लागला.

आमच्या साहेबांना नेमकं हेच खुपायचं. "लोकांना कशाला सांगत बसता?" असं त्यांनी नानांना बजावलं होतं. नाना सांगतच राहिले. गुराख्यांना, शाळामास्तरांना, लाकडं गोळा करायला आलेल्या बायकांना. कोणी विचारलं नाही तरी सांगायचे. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. ज्यांच्या डोक्यावरून विमान गेलं, त्यांना त्यातून काय निघालं ते कळलं पाहिजे.

त्यांच्याकडे एक वही होती. यंत्र बिघडवणारी प्रत्येक गोष्ट ते तिच्यात टिपत. "८.१० ते ८.१३. बैलगाडी, रिकामी, पश्चिमेकडून. वगळावे." "३.४० ते ३.४२. पोरं, हातात लोखंडी कडं. वगळावे." किती वेळ, काय कारण, किती वगळायचं. आणि पुढे नेहमी दोन शब्द: "बाकी ग्राह्य." म्हणजे एवढी मिनिटं सोडली तर दिवसाची बाकीची नोंद खरी माना. ते शब्द ते इतक्या टापटिपीने लिहीत की मला हसू यायचं. तेव्हा हसूच यायचं मला कशाचंही.

आता जीपचं सांगतो.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात साहेब वरून आलेल्या एका पाहुण्याला काम दाखवायला माळरानावर आले. मी पट्ट्या न्यायला आलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. जीप लांब दिसताच नाना अंगातला सदरा काढून हवेत फिरवत धावले. विमान तेव्हा शिंदखेड्याकडे रेषा मारत होतं. ड्रायव्हर थांबला. साहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "नाना, पाहुण्यांना उन्हात चालवू का? घ्या रे पुढे." जीप झोपडीच्या सावलीत, यंत्रापासून दहा-बारा पावलांवर उभी राहिली. पेनने उडी मारली आणि वरच थांबलं. साहेबांनी थर्मासमधला चहा काढला. पाहुण्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाबद्दल छान समजावून सांगितलं. चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात विमानाने दोन रेषा पूर्ण केल्या, एक जातानाची, एक येतानाची.

नानांनी पट्टीवर लाल पेन्सिलीने खूण केली. वहीत आणि खात्याच्या नोंदबुकात, दोन्हीकडे लिहिलं: "९.४० ते १०.२०. साहेबांची जीप. दोन्ही रेषा रद्द. पुन्हा उडवाव्या."

दोन रेषा पुन्हा उडवायच्या म्हणजे एका सकाळचं काम. पण का उडवायच्या, हे वरच्या ऑफिसला लिहावं लागलं असतं आणि त्या कारणात साहेबांचं नाव आलं असतं. विमानाला दोन दिवसांनी दुसऱ्या राज्यात जायचं होतं. साहेबांनी ते जाऊ दिलं. मग जळगावला मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "नोंदबुक फार खराब झालंय, डाग पडलेत. तुमचं अक्षर सुरेख आहे. स्वच्छ प्रत काढा. अनावश्यक शेरे नकोत." कुठला शेरा, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. मी तीन दिवस बसून सुरेख अक्षरात प्रत काढली. बैलगाड्या लिहिल्या, पोरांची कडी लिहिली. जीप लिहिली नाही.

पुढे नकाशाही मीच काढला. जीपमुळे वाढलेला आकडा विमानाच्या आकड्यांतून वजा झाला, आणि त्या दोन रेषांवरच्या जमिनीचा आकडा नकाशात एकदम खाली गेला. पडताळणीसाठी विमानाने काही रेषा आडव्या, पूर्व-पश्चिमही मारल्या होत्या; त्यांच्या आकड्यांशी हा पट्टा जुळत नव्हता. साहेबांनी फरक 'भूगर्भातलाच आहे' असं ठरवून तो राहू दिला. उत्तरेकडून दक्षिणेकडे, शिंदखेडा तालुक्यातून, एक अरुंद, सरळ पट्टा. त्याला नाव मिळालं 'संभाव्य भेग'. नानांनी तो नकाशा पाहिला तेव्हा त्या पट्ट्यावरून बोट वर-खाली फिरवलं. "जमीन कधी एवढी सरळ वागते का रे?" मला विचारलं. मी शाईची दौत बंद करत राहिलो.

नकाशावर 'गोपनीय'चा शिक्का बसला आणि तो पोलादी कपाटात गेला. नाना त्या दिवशी ऑफिसात ओरडले, सगळा मजला ऐकत होता. "चुंबकाचा नकाशा लोखंडात कोंडला! शत्रू येणार आहे का शिंदखेड्याचे दगड चोरायला?" पाणी शोधणाऱ्या दुसऱ्या खात्याने तो नकाशा मागितला. उत्तर गेलं, 'विचाराधीन'. पुन्हा मागितला, पुन्हा 'विचाराधीन'. सात-आठ वर्षं ते एकच उत्तर माझ्याच अक्षरात जात राहिलं.

आमच्या या भागात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीत उभ्या आहेत. फार पूर्वी तापलेला रस भेगांतून वर आला आणि तिथेच गोठला. काही ठिकाणी त्या टेकाडासारख्या वर दिसतात, काही ठिकाणी मातीखाली बुडतात. जमिनीतून वाहणारं पाणी त्यांच्यामागे अडतं, बंधाऱ्यामागे अडावं तसं. भिंत कुठून जाते ते कळलं तर विहीर कुठे खणायची ते कळतं. हे सगळं त्या नकाशात होतं, पूर्व-पश्चिम जाणारी एकेक भिंत. आणि तो कपाटात होता.

मग एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि शिंदखेड्याकडच्या एका गावाला एक बोअर मंजूर झाला. एकच. वरून दबाव आला तेव्हा साहेबांनी उपकार केल्यासारखी एक चिठ्ठी दिली. नकाशा नाही, नुसती जागा, गावाच्या खुणांसह एक फुली. फुली बरोबर 'संभाव्य भेगे'वर होती. भेगेत पाणी असतं म्हणे. चिठ्ठी मीच टंकायला नेली आणि त्याच संध्याकाळी जळगावच्याच पिंप्राळ्यात नानांच्या घरी गेलो. कशाला गेलो ते तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं. घरीही त्यांनी दाराबाहेर लोखंडासाठी खोकं ठेवलं होतं; किल्ल्या त्यात ठेवल्या आणि फुलीचं सांगितलं.

नानांनी फुलीची जागा पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीने जायचं. तू पण."

गावात बोअरची गाडी आली होती, तिच्याबरोबर एक सरकारी अभियंता. भोवती सगळं गाव. पुढे एक साठीच्या बाई होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. टँकरसाठी तालुक्याला खेटे घालून हा बोअर त्यांनीच मिळवला होता. नानांनी सरळ गाडीसमोर उभं राहून सांगितलं, इथे खणू नका, इथे पाणी नाही, इथे आमच्या साहेबांची जीप आहे. लोक हसले. नानांनी मातीत काडीने विमान काढलं, यंत्र काढलं, जीप काढली, सगळं समजावलं. मग गावाच्या वरच्या अंगाला हात केला. काळ्या दगडाचं एक टेकाड तिथे मातीत शिरत होतं. "ती भिंत पुढे मातीखालून जाते. तिच्या वरच्या बाजूला खणा."

अक्का हसल्या नाहीत. त्या अभियंत्याकडे वळल्या. "हाई जीप शे म्हनतस, मंग आठे कशाले खनतस, भाऊ?"

अभियंता तरुण होता आणि वाईट माणूस नव्हता. त्याने नानांना विचारलं, "तुमच्याकडे काही लेखी आहे? माझ्याकडे चिठ्ठी आहे. चिठ्ठी सोडून दुसरीकडे खणलं आणि कोरडं गेलं तर मी मेलो."

"लेखी माझी वही आहे, घरी," नाना म्हणाले, "पण त्याहून चांगलं आहे. खात्याचा माणूस आहे. नोंदबुकाची प्रत याने काढली. सांग त्यांना. जीप होती की नव्हती?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. अभियंत्याच्या हातात ती चिठ्ठी होती. मला एक 'हो' म्हणायचं होतं. त्या 'हो'मध्ये माझी तीन दिवसांची सुरेख प्रत बाहेर आली असती, साहेब बाहेर आले असते आणि त्यांच्याबरोबर मीही.

"मला काही कल्पना नाही," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग ते बाजूला झाले. गाडी सुरू झाली. दुपारपर्यंत पाइपावर पाइप जोडत गेले आणि वर फक्त पांढरी भुकटी येत राहिली. बायकांनी आणलेले हंडे रांगेत तसेच होते. अक्कांनी त्या भुकटीची मूठ घेतली, अभियंत्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "तुमना कागदमा पानी शे भाऊ, मना गावमा नही."

गाडी निघून गेली. एक बोअर होता, तो संपला. ते वर्षभर त्या गावच्या बायका तीन-तीन मैलांवरून पाणी आणत राहिल्या, आणि तेही माझ्यामुळे. साहेबांमुळे, खात्यामुळे, शिक्क्यामुळे वगैरे सगळं खरं आहे. पण त्या दिवशी तिथे बोलू शकणारा माणूस मी होतो.

नानांना गोपनीय माहिती बाहेर सांगितल्याबद्दल नोटीस मिळाली. निवृत्तीला चारेक महिने राहिले होते. चौकशीत साहेबांनी त्यांना 'भ्रमिष्ट' म्हटलं आणि पुरावा म्हणून चपलांचा उल्लेख केला. सदऱ्याच्या लाकडी गुंड्यांचासुद्धा. नाना उत्तरादाखल एवढंच म्हणाले, की माझ्या अंगावर लोखंड आहे का ते तपासा आणि मग नकाशात जीप आहे का ते तपासा. कोणी काहीच तपासलं नाही. निरोपसमारंभही झाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मला कळलं की नाना दर रविवारी त्या गावाला जातात. अक्कांनी गाव उभं केलं होतं आणि नानांनी दाखवलेल्या जागी लोक हाताने विहीर खणत होते. एकदा मी लांबून जाऊन बघून आलो, जवळ जायची छाती झाली नाही. टिकाव, पहारी, घमेली, लोखंडी साखळी, सगळीकडे लोखंडच लोखंड, आणि त्यात मधोमध बिनखिळ्याच्या चपला घातलेले नाना. कोणीतरी गमतीने पहार मागे लपवली तर ते ओरडले, "आना रे, बठ्ठं लोखंड आना!" बठ्ठं म्हणजे सगळं. आयुष्यात त्यांना इतकं मोठ्याने हसताना मी तेव्हाच ऐकलं. सहा परसांवर, म्हणजे सहा पुरुष खोलीवर, पाणी लागलं. ते आजही आहे.

खात्याच्या दप्तरात त्या गावाबद्दल वेगळी नोंद आहे. 'बोअर कोरडा. नकाशानुसार जागा योग्य.' तो नकाशा पुढे सुधारून पुन्हा छापला, शिक्काही काढला, आता कोणीही मागून घ्यावा. शिंदखेड्याजवळ तो सरळ पट्टा तसाच आहे. दोन-तीन शिकल्या-सवरल्या माणसांनी त्यावर लेखही लिहिलेत. साहेब बढतीवर गेले, सत्कार झाले. मी गुलाल उधळला नाही एवढंच.

नाना गेले तेव्हा मी पिंप्राळ्याला गेलो. दाराशी हात आपोआप खिशात गेला, किल्ल्या खोक्यात ठेवल्या. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ती वही माझ्या हातात दिली. "तुम्हालाच द्यायला सांगितली होती," म्हणाल्या. मला वाटलं जीपचं पान दाखवायचं असेल. ते होतंच, लाल पेन्सिलीचं. पण घडी घातलेलं पान दुसरं होतं, कितीतरी वर्षांनंतरचं, त्या गावातल्या दिवसाचं. तिथे नानांकडे यंत्र नव्हतं, पट्टी नव्हती. तरी त्यांनी त्याच टापटिपीने लिहिलं होतं:

"११.२० ते ११.२५. ड्राफ्ट्समन. 'कल्पना नाही' म्हणाला. कारण: नोकरी, दोन लहान मुलं. वगळावे. बाकी ग्राह्य."

मी ते दाराशीच उभं राहून वाचलं आणि मला संताप आला. नानांचासुद्धा आला. कोणी मागितली होती तुमची माफी? बैलगाडीच्या रांगेत बसवून मला सोडून दिलंत? बैलगाडीला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. साहेबांच्या सांगण्यावरून मी एक ओळ वगळली, तिच्यापायी एक गाव वर्षभर तहानलं. आता नानांच्या सांगण्यावरून दुसरी वगळायची?

नाही. त्यांच्या वहीत त्यांच्या त्या ओळीखाली, माझ्या त्याच सुरेख अक्षरात, मी लाल पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: "११.२० ते ११.२५. वगळू नये."